‘राइड’चा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — का, ते कळेलच तुम्हाला.

माझी धाकटी बहीण मनीषा. बारावीत तिला इंग्रजीची धास्ती, म्हणून कोलशेतच्या घरी मीच तिला शिकवायचो. एकदा ती ‘टेकन फॉर अ राइड’वर अडली. म्हटलं, "अगं, यात फिरणं-बिरणं नाही. आपल्याला कुणीतरी पद्धतशीर फसवलं, असा अर्थ." तिला ते भारीच आवडलं. चिकू कच्चे निघाले तरी म्हणायची, "दादा, आय वॉज टेकन फॉर अ राइड."

मग तिचं लग्न झालं, शहाडला. महिन्याभरात माझंही ठरलं — तिच्याच नवऱ्याच्या मामेबहिणीशी. मुलगी मला फार आवडलेली.

एका दुपारी मनीषाचा फोन आला. आई शेजारी होती, म्हणून मी स्पीकर लावलेला. तिकडे मागे सासूचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं बोलून ती थांबली. मग अगदी सहज बोलावं तसं म्हणाली, "दादा, आय हॅव बीन टेकन फॉर अ राइड."

मला कळलं — कळणार नाही कसं?

आईला तेवढा ‘राइड’ शब्द समजला. तिचा चेहरा खुलला. "गाडीवरून फिरायला नेलं का गं जावयांनी?"

मनीषा वाट बघत होती — माझी. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? माझा साखरपुडा.

मी म्हणालो, "हो आई. फिरायला नेलं म्हणते."

मग मनीषाच म्हणाली, "हो आई. मजा आली."

मी तिला परत फोन केला नाही. शहाडला गेलो तो थेट लग्नाची पत्रिका द्यायला. तिला तेव्हा दिवस गेलेले. तिने मला पाणी दिलं, विचारलं काहीच नाही. मनीषाच्या नवऱ्याची पहिली बायको गावाकडे आहे, हे माझ्या लग्नानंतर सासरच्यांच्या बोलण्यातून समजलं. पण आधी समजलं असतं, तर मी काय वेगळं केलं असतं?

आई जाईपर्यंत सगळ्यांना सांगायची — आमचे जावई हौशी.

परवा मनीषाच्या मुलीला स्थळ आलं, आंबिवलीचं. मी म्हटलं, मुलाची चौकशी मी करतो.

"नको दादा," ती म्हणाली. "मी स्वतः जाते."

आवाजात राग नव्हता. मी बरं म्हटलं.