कृष्णकांतरावांची भिवापूरवाली

कृष्णकांतरावांनी भिवापूरला बाई ठेवली आहे, अशी कुजबुज महाल वस्तीत दोन-तीन हिवाळे चालली होती. ही बातमी आणली लकडगंजातल्या मिरचीच्या अडत्यानं, महादेवरावानं. "म्या सोताच्या डोयानं पाह्यलं ना गा," तो पानठेल्यावर सांगे. "मफलरमंधी तोंड लपवून छोट्या रेलगाडीतून उतरले अन् मिरची बाजाराच्या मांगच्या गल्लीत शिरले. बाईनं दार उघडलं, हाताले धरून आत घेतलं, अन् दार बंद!"

'दार बंद' म्हणताना तो टाळी वाजवी, आणि पुढचं ज्याला जसं दिसायचं तसं दिसे.

दुसऱ्या कुणाची असती तर ही गोष्ट आठवड्यात शिळी झाली असती. पण कृष्णकांतराव म्हणजे आयुष्यात कधी शिंक न आलेला माणूस. तसे ते एका सरकारी कचेरीत कारकून, फायली इकडच्या तिकडे करणारे. पण लोक पोरगा कलेक्टर झाल्याचं सांगतात तसे ते आपल्या नाकाविषयी सांगत. डिसेंबरात, तोंडातून वाफा निघतात अशा पहाटे, विहिरीचं पाणी अंगावर ओतत ते साऱ्या नद्यांची नावं अशी ओरडत की गल्ली जागी व्हावी. मग ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचं, नळीच्या लोट्यानं एका नाकपुडीत मीठपाणी घालायचं आणि दुसरीतून काढायचं. पोरं शाळा विसरून बघत उभी राहत. त्यावर कडुनिंबाचा रस, गुळवेलीचा काढा आणि कच्चा लसूण. त्या लसणामुळे कचेरीत कुणी त्यांच्या शेजारी बसत नसे, तेव्हा कुणाचं पडसं त्यांच्यापर्यंत पोचणार तरी कसं?

दुसरा कुणी शिंकला की स्वारी खुलायची.

"काय सिंधूताई, पडसं? अरेरे! आहार चुकला. जिभेवर ताबा नाही तुमच्या."

शेजारच्या सिंधूताई पदरानं नाक दाबून मुकाट्यानं ऐकत. गल्लीतला लहानू न्यूमोनियातून दवाखान्यात सुया घेऊन वाचला, तेव्हा त्याच्या आईसमोर हे म्हणाले, "रोग दबलाय, गेलेला नाही." त्या माऊलीचा चेहरा पाहूनही त्यांना दोन शब्द गिळावेसे वाटले नाहीत.

दर हिवाळ्यात हे महाशय थोडे दिवस रामटेकला जात. मौन आणि उपवास करायला! परत येत तेव्हा घसा बसलेला, डोळे लाल, नाकाचा शेंडा सोललेला. आणि उपाशी माणसाचे गाल मात्र भरलेले. बायकोला, अरुंधतीला, हे सगळं दिसे. ती विचारत नसे. त्या दिवसांत ओट्यावर नळीचा लोटा दिसत नसे, हीच तिची सुट्टी.

पण बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या हिवाळ्यात मुलीचं, प्रेमलताचं, धरमपेठेतल्या एका बँकेतल्या मुलाशी जमत आलं होतं. त्या घरात शब्द चाले तो मुलाच्या काकांचा, वामनरावांचा. त्यांनी सिंधूताईंकरवी निरोप धाडला: रविवारी येतो, भिवापूरचं काय आहे ते नीट सांगा, नाही तर चहा घेऊन उठू. आणि कृष्णकांतराव तर आदल्याच दिवशी 'रामटेक'ला निघून गेलेले.

"जा वं, पाहून ये एकदाची," सिंधूताई म्हणाल्या. "पोरीचा प्रश्न आहे. अन् रामटेकचा देव काही भिवापूरला जाऊन नाही राहिला!"

शनिवारी अरुंधती इतवारी स्टेशनावरून त्याच छोट्या रेलगाडीत बसली. त्या बाईला काय काय सुनवायचं, ते उमरेडपर्यंत तिनं मनात घोकलं. मिरची बाजाराच्या मागची गल्ली सापडली. तिनं दार ठोठावलं.

दार उघडलं यमुताईंनी. कृष्णकांतरावांची थोरली बहीण, म्हणजे अरुंधतीची सख्खी नणंद. घरातल्या एका मुंजीत मानाची साडी हलकी दिली म्हणून ज्या रुसून गेल्या, त्या गेल्याच. पुढे विधवा झाल्या, त्यानंतर कुठे राहतात हे अरुंधतीनं विचारलं नव्हतं आणि नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. घोकलेलं सगळं बाजूला ठेवून ती आत शिरली.

आत खाटेवर, दोन रजयांखाली, निसर्गाचे लाडके कृष्णकांतराव पडले होते. नाक लालबुंद. छातीवर ओव्याची गरम पुरचुंडी, उशाशी वाफ घ्यायचं पातेलं, हातात तिखट रश्शाची वाटी. दोन्ही नाकपुड्या वाहत होत्या, आणि या खेपेला लोट्याची गरज नव्हती.

"दरवर्षीचंच आहे," यमुताई म्हणाल्या. "निजतो, गरम पितो, मिठाच्या गुळण्या करतो, बरा होतो. कुणाला होत नाही पडसं? पण तुमच्या घरात याला शिंकायची सोय नाही म्हणे."

"ती यांनीच ठेवली नाही," अरुंधती म्हणाली. इतक्या वर्षांत नणंद-भावजयींचं एका गोष्टीवर एकमत झालं.

मग ती नवऱ्याकडे वळली. "लोक काय बोलून राहिले, माहीत आहे?"

"माहीत आहे." त्यांनी रजई हनुवटीपर्यंत ओढली. "बोलू दे. बाईचं चालतं एकवेळ, पुरुषमाणसाला. पण सर्दीचं कुणाला सांगू नको."

"अन् प्रेमलता?"

उत्तरादाखल ते शिंकले.

अरुंधतीनं त्यांना त्याच मफलरात गुंडाळून परत आणलं. रविवारी वामनराव आले. बशीतल्या पोह्यांना हात न लावता त्यांनी विचारलं, "भिवापूरला काय असतं तुमचं?"

कृष्णकांतराव आढ्याकडे बघू लागले. "साधना," ते म्हणाले.

दाराआड प्रेमलताच्या हातातल्या ट्रेवर कप खणखणले. बापाला ते ऐकू गेलं. बाप आढ्याकडेच बघत राहिला. पोरीचं लग्न मोडलं तरी चालेल, नाक शाबूत राहिलं पाहिजे!

"साधना नाही अन् बाईही नाही," अरुंधती म्हणाली. "माझी नणंद राहते तिथे. यांना सर्दी झाली की तिच्याकडे जाऊन निजतात. आताही झालेली आहे, बघा."

वामनरावांनी बघितलं. आणि भडकले ते वेगळ्याच गोष्टीवर. "अहो, तुमची कीर्ती ऐकून मी दोन हिवाळे कडुनिंब प्यायलो!"

मग त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. लग्न ठरलं. महालानं बाई केव्हाच माफ केली असती. शिंक मात्र माफ केली नाही. ओट्यासमोर पुन्हा पोरं जमली नाहीत, आणि सिंधूताई मुद्दाम त्यांच्या दारासमोर येऊन शिंकू लागल्या.

भिवापूरला बाई नव्हती. कृष्णकांतरावांना इतरांसारखीच दर हिवाळ्यात सर्दी होई, आणि बहिणीकडे चार दिवस झोपून, गरम खाऊन-पिऊन ते बरे होत.