आमच्याकडे

सई, रोहन, तुम्ही तिकडे परदेशातून पाठवलेला व्हिडिओ बघून आज संध्याकाळी मी कालचं उरलेलं चिकन बारीक केलं, बटाटा-मटारची भाजी त्यात मिसळली आणि ते सारण पोळीत भरून तव्यावर भाजलं. सोपं आहे खरंच. पण कडा खरपूस होऊ लागल्या आणि त्या वासासरशी मी अमरावतीच्या या घरातून अकोल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

लग्नाला वर्ष झालं होतं, थंडीचे दिवस होते. कॉलेजात इंग्रजी शिकवून मी घरी आले, तर भातकुली गावाहून आलेल्या माझ्या सासूबाई अशाच पोळ्या भाजत होत्या.

"ये वं, हात धू. कालचं कोंबडं फेकाले जिवावर आलं मले."

मी ताट बाजूला सारलं. "आई, आमच्याकडे शिळं खात नाहीत."

त्यांचा हात तव्यावरच थांबला. घर त्यांच्या मुलाचं होतं. 'आपल्याकडे' म्हणायचं, हे मला सुचलंही नाही.

"बरं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे नसन खात."

सकाळी त्या पोळ्या फडक्यात बांधून सासूबाई भातकुलीला निघून गेल्या. पुढे आल्या त्या पाहुणीसारख्या. मिठाच्या बरणीलाही मला विचारून हात लावायच्या.

तुम्ही इंग्रजीत वाढलात; तिथे 'आमचं' आणि 'आपलं' यांना एकच शब्द आहे, त्यामुळे तुमची अशी चूक झाली तर ती माफ आहे. माझी मातृभाषा मराठी होती.