नऊ तासांचं अंतर

विमानातल्या समोरच्या पडद्यावर लंडनपासून मुंबईपर्यंत एक रेघ होती. शेजारच्या बाईंनी तिच्यावर बोटं ताणून ठेवली आणि त्या हसून म्हणाल्या, "काका, बघा, एक वीतसुद्धा नाही!" खाली आकडे होते: सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास.

आई गेली तेव्हाही अंतर एवढंच होतं. अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, तिला बर्फावर ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत माझी वाट पाहिली. मी फोनवर सांगितलं, विमानात जागा नाही. जागा होती. मी आईशी भांडून गेलो होतो, आणि भरल्या घरात मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक श्राद्धाला अण्णा नातेवाइकांना सांगतो, "तो बिचारा इतक्या लांब, काय करणार?" ते लांबपण पांघरून मी म्हातारा झालो.

पण समुद्रांनी आणि डोंगरांनी माझं पाप का वाहावं? ते आड आलेच नव्हते. उद्या अण्णा सवयीने म्हणेल, "जाऊ दे रे, लांब होतास." या वेळी मी त्याला थांबवणार आहे, मग त्याने दार लावून घेतलं तरी चालेल.

"लांब नव्हतो, अण्णा. मी आलो नाही."