जेलबाई

हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, काढणाऱ्या बाईला आम्ही पेशंट मंडळी जेलबाई म्हणायचो. छातीवर थंडगार जेल फासते म्हणून, आणि तिच्या खोलीतून सुटका कधी होईल ते सांगता येत नाही म्हणूनही. नाव माझ्या जाऊबाईंनी दिलं. नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

बाई तुसडी. "डाव्या कुशीवर. हात डोक्याखाली. श्वास सोडा. धरा. हलू नका." एवढीच तिची भाषा. काम झालं की टिश्यूचा रोल माझ्या पोटावर टाकायची, "पुसा" म्हणायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. माझं शिवणकामाचं दुकान. गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलल्याशिवाय मी माप घेत नाही. मला तिचा मनस्वी राग यायचा.

माझी स्तनातली गाठ काढून झाली होती. ती परत येऊ नये म्हणून इंजेक्शनं चालू होती आणि त्या इंजेक्शनांनी हृदय दमतं का, ते बघायला दर काही महिन्यांनी हा इको. हृदय दमलं तर इंजेक्शन बंद. इंजेक्शन बंद झालं तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल, ही धास्ती. खरं सांगते, मी थकून गेले होते. भीतीचासुद्धा कंटाळा येतो, हे तोवर मला माहीत नव्हतं.

एकदा जरा लवकर पोचले, तर जेलबाई भिंतीला खांदा रगडत उभी. जाऊबाईंनी तिची सगळी बातमी काढली होती: दिवसभर लोकांच्या फासळ्यांवर ते यंत्र दाबून धरायचं आणि घरी गेल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूला त्याच हाताने कुशीवर वळवायचं.

"खांदा दाखवून घ्या की कुणाला," मी म्हटलं.

"कधी? झोपेत? चला, डाव्या कुशीवर."

त्या दिवशी ती "धरा" पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पडदा तिच्याकडे वळलेला, मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. मग यंत्र ठेवून तिने स्वतःच टिश्यू घेतला आणि माझी छाती पुसली. ऑपरेशनच्या व्रणाला धक्का न लावता, न्हाऊ घातलेल्या बाळाला टिपावं तशी. वर गाऊनची नाडीही बांधली.

"बाहेर कोण आहे तुमच्याबरोबर?" तिने हळूच विचारलं.

मी तिची बाही धरली. "बाई, सांगा ना."

"डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी सांगितलं. हृदयाचा जोर कमी झाला होता. इंजेक्शन थांबलं, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या इकोची तारीख पडली. जोर परत आला तरच इंजेक्शन पुन्हा चालू होणार होतं. मधले आठवडे मी दुकानात नुसती बसून काढले. शिलाई मशीनवर पाय ठेवायचंही त्राण नव्हतं. जाऊबाई काजं करता करता बडबडत राहायच्या आणि मी हं हं म्हणायची.

तारीख आली. कुशीवर वळले आणि तिच्या हातांकडे बघत राहिले.

"श्वास सोडा. धरा. हलू नका."

तेवढ्यात झालंसुद्धा. रोल धपकन पोटावर पडला.

"पुसा," ती म्हणाली. "आणि रडायचं तर बाहेर जाऊन रडा. रांग लागलीय."

मला बघून जाऊबाई बाकावरून ताडकन उठल्या.

"अगं, काय झालं? काय म्हणाली ती?"

रडता रडता मला हसू फुटलं.

"पुसा म्हणाली."