खिळे ठोकलेली झाडं

वखारीत त्याला सगळे कानसराव म्हणायचे. तेवीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं, लाकूड कापणाऱ्या करवतीचे दाते घासायचं. करवत चालू असताना नुसत्या आवाजावरून तो ओरडायचा, "थांबवा, एक दाता बसलाय!" आणि तो दाता बसलेलाच असायचा. माणूस तिरसट. जिभेलाही कानस लावल्यासारखी धार.

टेकडीचं नाव काढलं की ती धार जास्तच चढायची. तिथे वृक्षव्रतींचा मठ होता. हिरवं पान तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा झाडाला नमस्कार करून उचलायची, असं त्यांचं व्रत. त्याची थोरली बहीण त्यांच्यातली एक. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि आठव्या दिवशी मातकट कपडे घालून ती टेकडी चढली.

"तुझ्या हातांना चिकाचा वास येतो रे. सहन होत नाही मला," जाताना ती म्हणाली होती.

"त्याच हातांनी कमावलेलं खाल्लंस ना इतकी वर्षं?" तो म्हणाला. त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं.

मग टेकडीच्या उतारावरची झाडं तोडायची परवानगी वखारीला मिळाली. व्रती झाडांना मिठ्या मारून बसले, पोलिसांनी त्यांना उचलून बाजूला केलं आणि ओंडके येऊ लागले. चौथ्या दिवशी करवतीचा पट्टा काडकन तुटला. त्याचा तुकडा मशीन चालवणाऱ्याच्या डाव्या डोळ्यात घुसला. मशीन चालवणारा म्हणजे कानसरावाच्या बायकोचा धाकटा भाऊ. ओंडक्यात वीतभर लांबीचा लोखंडी खिळा निघाला. डोकं छाटलेलं, वरून डिंक आणि साल लावून भोक बुजवलेलं.

डोळा गेला. दवाखान्याच्या जिन्यात बायको नवऱ्यावर कडाडली, "जा, विचारा तुमच्या ताईला! झाडाचा देव केला, मग माझा भाऊ कोण? पालापाचोळा?"

वखारीतही वारं फिरलं. डबे उघडले की माणसं त्याच्यापासून सरकून बसू लागली. त्याच्या बाकावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'घरभेदी'. त्याने ते पुसलं नाही. दुपारी तो सरळ टेकडी चढला.

मठप्रमुख ओसरीवर बसले होते. उठलेही नाहीत. "झाडांवर करवत चालली तेव्हा आपण कुठे होतात?"

"धार लावत होतो. उद्याही लावणार. माझ्या बहिणीला बोलवा."

ताई आली. तिच्या उजव्या तळव्यावर फोड होते. त्याला पुढचं विचारायची गरज उरली नाही, तरी त्याने विचारलं.

"हो, मीपण ठोकले," ती म्हणाली. "झाडांवर पाट्या लावायच्या ठरल्या होत्या, आत खिळे आहेत म्हणून. मग हे आमचे गुरू म्हणाले, पाट्या लावल्या तर खिळे उपसून काढतील."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले."

"काल मेहुणा पाण्याचा पेला ठेवायला गेला आणि त्याने तो टेबलाच्या बाहेरच सोडला. कड दिसलीच नाही त्याला. अजून कोणकोणत्या झाडांत आहेत, सांग."

तिने प्रमुखांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग मला बहीण नाही," एवढं बोलून तो उतरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई चुन्याची बादली घेऊन एकटीच उतारावर आली आणि एकेका बुंध्यावर फुली मारू लागली. तोडणाऱ्यांनी शिव्या घातल्या. कुणीतरी ढलपी भिरकावली, तिची भुवई फुटली. रक्त पुसत तिने एकसष्ट झाडांवर फुल्या मारल्या. फुलीच्या झाडांना वखारीने हात लावला नाही, बाकीची सगळी आडवी केली. मठाने तिचं गाठोडं फाटकाबाहेर टाकलं. खिळे तिने स्वतःच्या डोक्याने ठोकले, असं प्रमुखांनी पोलिसांना सांगितलं. तिने सगळा दोष स्वतःवर घेतला. दहा महिने तुरुंगात गेली. कानसराव एकदाही भेटायला गेला नाही.

सुटली त्या दिवशी मात्र तो तुरुंगाच्या फाटकाशी उभा होता. "वाढवलंयस मला, म्हणून आलोय. दुसरं काही समजू नकोस," तो म्हणाला.

मागची खोली तिला दिली. बायकोने तिच्याशी शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. मेहुण्याने त्या घराची पायरी चढायची सोडली. ताई भांडी घासायची, जमिनीवर बसून जेवायची, विचारलं तेवढंच बोलायची.

एकदा जेवताना त्याने विचारलं, "वाईट वाटतं का गं तुला?"

"त्याच्या डोळ्याचं वाटतं. झोप लागत नाही," ती म्हणाली. "खिळ्यांचं नाही वाटत."

त्याच्या हातातला घास ताटात परत गेला. "उद्यापासून तुझं ताट खोलीत," तो म्हणाला.

"बरं," म्हणत तिने ताट उचललं. उद्याची वाट न बघता ती तेव्हाच आत गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं ती तिथेच जेवली.