पत्र्यावर डोळा

समस्त नाशिककरांना कळवण्यात येते की, सातपूरच्या आमच्या गल्लीवर एकदा फार मोठे संकट आले होते. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. संकट सडपातळ होते, त्याच्या गळ्यात दुर्बीण होती आणि ते रोज सकाळी समोरच्या एसटीडी बूथच्या पायरीवर येऊन बसत असे.

मी घराला लागून विनापरवाना पत्र्याची खोली काढली होती आणि हा गृहस्थ नेमका त्या पत्र्याकडे बघायचा. मग घड्याळ बघायचा आणि वहीत दोन अक्षरे लिहायचा. चहा आला तरी मान वरच. कप चाचपडत तोंडाला लावायचा.

“म्हापालिकेचाच हाय,” शेजारचे आबा कुजबुजले. “लय बेरकी. मापं घेतोय.”

आठव्या दिवशी माझा धीर सुटला. मी हात जोडले. “साहेब, पत्रा उद्याच उतरवतो!”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “नको हो काका! त्याच्या वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं आहे. अंडी एकटी राणी घालते आणि बाकीच्या तिचीच पोरं वाढवायला राबतात. स्वतःचा संसार सोडून त्या असं का वागतात, तेच शोधतोय मी.”

मी विरघळलो. माझ्या बेकायदा पत्र्यासाठी आजवर कुणी इतके कळवळले नव्हते. दारात उभी असलेली बायको मात्र तसूभरही हलली नाही. ती तिथूनच ओरडली, “ते सगळं खरं हो, पण तुम्ही महापालिकेचे नाही, एवढं आधी लिहून द्या!”