डोनल आधी विचारायचा

डोनल गेल्याचं कळलं तेव्हा मी सिंगापुरात, बिशान भागातल्या मुलाच्या घरात मेथी निवडत होते. सून सुजाताच्या फोनवर मेसेज आला. तिनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, डोनल गेले." मी विचारलं, "कशानं?" "झोपेत." मी म्हटलं, "बरं झालं," आणि मेथी निवडत राहिले. या वयात माणूस झोपेत गेला तर चांगलंच की. पण त्या दिवशी भाजीत काड्या राहिल्या आणि जेवताना त्याबद्दल कुणी मला बोललं नाही...

याला पाच आठवडे झाले. सुजाता म्हणाली, लिहून काढा. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा जसं येतंय तसं लिहिते.

डोनल आयर्लंडचा. जहाजावर इंजिनियर होता, नोकरी संपल्यावर सिंगापुरातच राहिला. वयानं माझ्याएवढा, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. तोंडावरही करायची, त्याला कुठं कळत होतं. ओळख झाली सुजातामुळं. ती प्रयोगशाळेत काम करते आणि व्हायोलिन वाजवते. दर रविवारी दुपारी एका पबच्या मागच्या अंगणात ती आयरिश वाजवणाऱ्यांत बसायची. मी मुलाकडं राहायला आले त्या वर्षी तिनं मलाही नेलं. दारूच्या दुकानात जन्मात पहिल्यांदा पाय ठेवला, लिंबाचं सरबत घेतलं आणि भिंतीशी बसले. त्यांची रीत मला आवडली. सहा-सात माणसं गोल बसतात, समोर कागद नाही, स्टेज नाही. एक जण सूर काढतो, ज्याला तो येतो त्यानं आत शिरायचं, नाही येत त्यानं गप्प ऐकायचं. ढोल मात्र एका वेळी एकच. तो डोनलकडं. त्याचं आयरिश नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मला ती हलगीच दिसली, जरा मोठी, आणि दोन काड्यांऐवजी एक आखूड टिपरी.

आता हलगीचं सांगते. माझे वडील गावात हलगी वाजवायचे. हौसेनं नव्हे, वाजवावीच लागायची. पाटलाचा माणूस दारात येऊन उभा राहिला की ताटावरनं उठून जायचं. शेकोटीवर धरून ती तापवायचं काम माझं. मुलीला वाजवायला कोण देणार, पण तापली का हे वाजवल्याशिवाय कळत नाही. तेवढ्यात मी शिकले. मी चौथीत असताना आम्ही दीक्षा घेतली आणि वडिलांनी ती हलगी दगडावर आपटून फोडली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मीही.

तर त्या पहिल्या रविवारी दमट हवेनं डोनलचं कातडं सैल पडलेलं, आवाज ओल्या पोत्यासारखा. तीन गाणी मी सोसलं. मग उठले, त्याच्या मांडीवरनं ढोल उचलला आणि शेजारच्या साताय, म्हणजे काडीला टोचलेलं मटण, भाजणाऱ्याच्या निखाऱ्यांवर नेऊन धरला. सुजाता मागनं ओरडत आली, "अहो आई, काय करताय!" सातायवाला म्हणाला, "आंटी, दिस वन कॅनॉट ईट ला." डोनल धावत आला तो पांढराफटक. मी गोल फिरवत शेकवलं, बोटानं ठोकून बघितलं आणि दिलं त्याच्या हातात. त्यानं एक टिपरी मारली. खणखणीत. मग मला परत अंगणात नेलं, ढोल माझ्या हातात दिला आणि आपल्या खुर्चीवर बसायची खूण केली. मी बडवलं ते पार मैलभर ऐकू जाईल असं, कारण आमच्याकडं तसंच वाजवतात. व्हायोलिनं बुडाली. डोनलनं पंजा खाली दाबून दाखवला, हळू. पुढच्या रविवारपासून हळू वाजवायला शिकले. दर रविवारी एक गाणं माझं. मी वाजवायची तेवढा वेळ तो हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. आठवड्यातनं एकदाच वाजवायला मिळणारा माणूस.

मुलाला, मिलिंदला, कळायला दोन महिने लागले. तो जुरोंग आयलंडला कंपनीत आहे, शांत माणूस. त्या दिवशी म्हणाला, "आई, आजोबांनी फोडली ती तू पबमध्ये जाऊन वाजवतेस?"

"फोडली ती वाजवावी लागायची म्हणून. इथं मला बोलवायला कोण येतंय? माझ्या पायानं जाते, एमआरटीच्या गाडीनं."

"जा मग. पण या घरात ती आणायची नाही."

मी दोन रविवार गेलेच नाही. त्याचं चूक नव्हतं, म्हणून जास्त लागलं. सुजातानं तिकडं डोनलला सगळं सांगून टाकलं, पाटील, ताट, दगड, सगळं. तिसऱ्या रविवारी मी गेले. ढोल शेकवून दिला. एरवी तो नुसता माझ्याकडं सरकवायचा. त्या दिवशी त्यानं सुजाताला काही विचारलं, तिच्याकडनं शब्द शिकला आणि मोडकंतोडकं बोलला, "वाजवतेस का?"

माझ्या वडिलांना हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर तो दर वेळी विचारायचा, अगदी ढोल माझ्या मांडीवर असला तरी. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आज नको." बघावं म्हटलं काय करतो. त्यानं मान हलवली, ढोल घेतला आणि स्वतः वाजवला. तोंड वाकडं नाही, का म्हणून नाही. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत बसून रडले. सुजाताला सांगितलं, एसीनं डोळ्याला पाणी येतंय.

गेल्या आठवड्यात सुजाता कामावरनं येताना पबमधनं एक गोल पिशवी घेऊन आली. डोनलच्या बहिणीनं ती तिथं माझ्या नावानं ठेवली होती. सुजातानं ती दाराबाहेर चपलांच्या रॅकवर ठेवली, आत आणली नाही. मीही आत आण म्हटलं नाही. मिलिंद कामावरनं आला, पिशवी बघितली, बूट काढले, आणि ती उचलून आत घेऊन आला. ढोल बाहेर काढून टेबलावर ठेवला. मग गॅस पेटवला आणि ढोल थेट जाळावर धरला.

"जळेल," मी म्हटलं. "लांब धर. फिरव."

त्याला धरता येत नव्हतं. कसं येणार? येऊ नये म्हणून तर वडिलांनी ती फोडली होती. मी त्याचं मनगट धरून गोल फिरवलं. कातडं ताणलं. त्यानं बोटानं ठोकलं, घरभर आवाज झाला, आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "आई... वाजवतेस का?"

मी म्हटलं, "आज नको. रविवारी."

"बरं," तो म्हणाला आणि गॅस बंद केला.